“बंब म्हातारा झालाय, माई”

मुकुंदराव,

गेले काही दिवस मी तुमच्याशी भांडतो आहे. दिवंगत माणसाशी भांडू नये, त्याच्या नावाने तिलांजली द्यावी आणि त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, असे मला शिकवले गेले. पाठशाळेत मीही इतरांना जन्मभर तेच शिकवले. तिलांजली देऊन झाली. जाऊ देणे मात्र जमत नाही. मस्कतमधल्या अझैब्याच्या तुमच्या घरात, तुम्ही ज्या खिडकीशी चहा घेत होता तिथेच मी सकाळी बसतो. खालून मोटारी जातात, पलीकडे विमान उतरते, आणि मनात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. तुम्ही आम्हांला सांगितले का नाही?

“काय सांगायचं होतं, नाना?” असे तुम्ही नेहमीच्या हसऱ्या स्वरात विचाराल. सांगायच्या गोष्टी दोन होत्या, एक लहान आणि एक फार मोठी. लहान गोष्ट मला आधी कळली. ती जबल अख्दर डोंगरावरच्या तुमच्या जुन्या घरातल्या फर्नेसची. तिच्यापासूनच आरंभ करतो, कारण मोठी गोष्ट तिच्याच पोटातून निघाली आहे.

ओमानात थंडी पडते हे आमच्या वाईत कोणी मानायला तयार नव्हते. लोक म्हणाले, नाना, वाळवंटात स्वेटर कशाला नेता? पण तुमची नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामावर, डोंगरमाथ्यावरच्या त्या पठारावर होती. तिथे हिवाळ्यात पहाटे मोटारीच्या काचेवर बर्फाची साय धरे. कोणा परदेशी अभियंत्यांसाठी पूर्वी बांधलेली ती घरे होती, म्हणून त्यांत गॅसवर चालणारी फर्नेस. मधल्या बोळात एक कपाट, त्याला फटींचे दार, आत ते पत्र्याचे धूड. बाहेर भिंतीला टेकून सिलिंडर उभे. भिंतीवरचा काटा फिरवला की कपाटात ज्योत पेटे आणि जमिनीलगतच्या जाळ्यांतून गरम वारा खोल्याखोल्यांत येई. तुमच्या सासूबाईंनी, आमच्या माईने, पहिल्याच दिवशी तिला ‘बंब’ म्हटले, आणि पुढे तुम्हीही तोच शब्द उचललात.

आमच्या वसुधेचे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे होते. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले आणि आम्ही दोघे तुमच्याकडे आलो. जावयाच्या घरी जाऊन राहणे, तेही महिनोन्महिने, आमच्या पिढीला अवघडच. ही तर पाहुण्यासारखी पलंगाच्या कडेवर बसे. डबा उघडतानाही वसुधेला विचारी. ते तुमच्या लक्षात आले होते. एका सकाळी तुम्ही ओट्याशी उभे राहून हाक मारलीत, “माई, साखर कुठे ठेवलीत? सापडत नाही मला.” साखर तुमच्या हातासमोर होती. हिने येऊन डबा काढून दिला, “डोळ्यांपुढे तर आहे” म्हणाली, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघर तिचे झाले. मी हे तेव्हा पाहिले होते, पण त्याचे तुमच्याजवळ कधी कौतुक केले नाही. सासऱ्याने जावयाचे तोंडावर काय कौतुक करायचे, असे वाटे.

मैत्रेयी वेळेआधी आली. ओंजळीत मावेल एवढी. मग माईच्या हाताला विसावा राहिला नाही. तेल, शेक, आणि दिवेलागणीला धुरी. घरातली सर्वांत ऊबदार जागा म्हणजे ते बंबाचे कपाट, म्हणून बाळंतिणीची खाट तिने बोळात त्या दाराला लागून घालून घेतली. मातीच्या भांड्यात निखारा, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली. शेजारी डाळिंबाची बाग असलेले एक वृद्ध ओमानी गृहस्थ होते. तिकडच्या बोलीत म्हाताऱ्याला शैबा म्हणतात, आणि सारा गाव त्यांना तसेच हाक मारी. त्यांनी बाळासाठी लोबानाचे खडे पाठवले. आमच्या घरी बाळ झालं की हाच धूर देतात, असा निरोप. माईला त्यात परकेपणा वाटला नाही. तिने लोबानही धुरीत घातला, आणि रोज दिवेलागणीला ते घर देवळासारखे दरवळे. पुढे दर वर्षी आम्ही आलो की तिची ही धुरी चालूच राहिली.

मग ती सकाळ आली.

मैत्रेयीचे सोयर फिटले होते. स्नान करून, सोवळे नेसून मी पूजेला बसलो होतो. जमीन तळव्यांना बोचत होती. बोळातून टिकटिक ऐकू आली, मग भस्सकन ज्योत धरल्याचा आवाज, आणि क्षणात शांतता. पुन्हा टिकटिक, पुन्हा ज्योत, पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळेनंतर ते यंत्र बोलेनासे झाले. तुम्ही कपाटापुढे उकिडवे बसला होतात. “तीनदा विचारतो, मग रुसतो. अगदी वसुधेसारखा,” तुम्ही म्हणालात. वसुधा हसली नाही. तिला आदल्या दिवसापासून ताप होता, आणि बाळाची पावले गार पडली होती.

तुम्ही पहिली गोष्ट केलीत ती दार आणि खिडक्या सताड उघडण्याची. माई तुमच्यावर जवळजवळ ओरडली. तुम्ही शांतपणे म्हणालात की न जळलेला गॅस जड असतो, जमिनीलगत साचतो, तो गेल्याशिवाय पुन्हा पेटवायचे नाही. वसुधेला आणि बाळाला आतल्या खोलीत दुलयांखाली बसवून त्या खोलीचे दार लावलेत. मग जमिनीशी नाक नेऊन वास घेतलात. आम्ही कुडकुडत उभे राहिलो. घर निवत चालले होते आणि तुमच्या हालचालीत घाई नव्हती. मला तेव्हा तुमचा राग आला होता.

नंतर तुम्ही एकेक कारण हाती घेऊन बाजूला ठेवत गेलात. भिंतीवरचा काटा बरोबर होता. वीज होती, पंखा फिरत होता. बाहेर जाऊन सिलिंडरची चावी पाहिलीत, दुसरा जोडून पाहिलात. खालून मस्कतहून आणलेला गॅस थंडीत वाफ व्हायला कुरकुर करतो, असा तुम्हांला संशय होता. पण त्याच नळीवरची स्वयंपाकाची शेगडी पेटवली तर ती निळी आणि स्थिर जळत राहिली. तेव्हा गॅसचा दोष नव्हता. हवेची जाळी काढून झटकलीत. धुराच्या नळीत पाखराने घरटे केले आहे का ते पाहण्यासाठी त्या गारठ्यात छपरावर चढलात. तिथेही काही नव्हते.

दरम्यान मी माझा उपाय सांगितला. आमच्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. कोळसा आहे, शेगडी फुलवू, दारे लावून घेऊ, खोली घटकेत तापेल. तुम्ही मान हलवलीत. मी पुन्हा सांगितले, जरा चढ्या आवाजात, की पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरांत हेच चालत आले आहे आणि सगळी बाळे जगली आहेत.

“नाना, त्या घरांच्या कौलांना फटी होत्या,” तुम्ही म्हणालात. “या घराला एकही नाही. बंद खोलीत कोळसा पेटू देणार नाही मी.”

तुमच्या तोंडून मी ‘नाही’ ऐकले ते तेवढेच. तेवढ्यात आतल्या खोलीत वसुधेला हुडहुडी भरली. तुम्ही आत जाऊन मैत्रेयीला उचलून आणलेत. तुमचे स्वतःचे हात बर्फासारखे, त्यांना नळ्यांचा वास, म्हणून कापडात धरून. माझ्यापुढे उभे राहून तुम्ही म्हणालात, “नाना, उपरणं काढा. हिला छातीशी उघडी धरा. अंगाची ऊब लागली पाहिजे.”

मी पूजेतला. समोर देव तसेच ताम्हनात. मुकुंदराव, मी उपरणे काढले. त्या एवढ्याशा जिवाला माझ्या उघड्या छातीवर ठेवून माईने वरून दोन दुलया गुंडाळल्या. पहिल्यांदा ती थंडगार लागली, ओल्या पानासारखी. मग तिने माझे जानवे मुठीत धरले आणि सोडले नाही. देव ताम्हनात थांबले. आयुष्यात इतकी पूजा केली, पण देव माझ्या इतका जवळ आला तो त्याच सकाळी, असे मी आज म्हणतो. तुमच्याजवळ म्हणायचे राहून गेले.

मी तसाच बाळाला घेऊन बोळात आलो. मी म्हणालो, अग्नी येतो तर आहे, मग टिकत का नाही? त्यावर तुम्ही वर पाहिलेत. तुमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही उजळले. “बरोबर, नाना. तो येतोय. पण तो आलाय हे यंत्राला कळत नाहीये.” ज्योतीत एक बारीक धातूची दांडी असते, ती ज्योत लागल्याची वर्दी देते, तुम्ही समजावलेत. वर्दी पोचली नाही की यंत्र जपून वागते आणि गॅस बंद करते. तुम्ही ती दांडी काढलीत. पाठमोरे बसून भांडी घासायच्या तारेने कितीतरी वेळ घासलीत आणि परत बसवलीत. टिकटिक झाली. ज्योत धरली, आणि राहिली. जाळीतून गरम वारा आला तेव्हा माईने डोळ्यांना पदर लावला.

मग तिने विचारले, “काय झालं होतं हो बंबाला?”

तुम्ही हातातली तार खिशात घातलीत. “काही नाही. बंब म्हातारा झालाय, माई.”

“मग आमच्यातलाच की,” ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्याही हिवाळ्यांत, आम्ही आलो की तो बंब अधूनमधून अडे. शुक्रवारच्या सुट्टीला नाश्ता झाला की तुम्ही बोळात बैठक मारून तो उघडत. मला ते पाहवत नसे. मी म्हणे, कंपनीचे घर, कंपनीची वस्तू, नवा मागा. तुम्ही म्हणत, “होईल, नाना. इन्शाल्ला.” एका वर्षी मी स्पष्टच बोललो. म्हटले, मुकुंदराव, माणसाने इतके मऊ असू नये, वरच्यांपुढे तोंड उघडावे. तुम्ही मान खाली घालून स्क्रू आवळत राहिलात. आपला तो वाद पुरा झालाच नाही. तुमची खाली बदली झाली, अझैब्यात आलात, इथे बंबाची गरज उरली नाही. पण माझ्या मनात तुमच्याविषयी एक मत राहून गेले होते, की माणूस सोन्यासारखा, पण भिडस्त.

आता वसुधेने सांगितले ते.

तुमचे दिवस झाल्यावर माईने दिवेलागणीला घरभर धूप फिरवला. वसुधा कोचावर बसली होती. तुम्ही गेल्यापासून ती धड बोलली नव्हती. धुपाचा वास आला आणि ती एकाएकी हसली. आम्ही दचकलो. ती म्हणाली, “माई, त्या बंबाला कधी काही झालंच नव्हतं गं. तुझ्या धुरीचा थर बसायचा त्या दांडीवर. ओवा न् लोबान, चिकट काळा थर. मुकुंद दर शुक्रवारी तो घासायचा. मला शपथ घातली होती, माईंना कळता कामा नये म्हणून. म्हणायचा, आत्ता कुठे त्या या घरात मोकळ्या झाल्यात.”

मी माईकडे पाहिले. मला वाटले, आता ही कोसळेल. ती धुपाटणे हातात धरून विचार करत होती, बाजारातला एखादा हिशेब चुकल्यासारखी.

“एवढंच?” ती म्हणाली. “मग सांगायचं ना मला. स्वयंपाकघरात दिली असती धुरी.”

मुकुंदराव, हे वाक्य मी तुमच्यापर्यंत कसे पोचवू? इतकी वर्षे तुम्ही ज्या क्षणापासून तिला जपलेत, तो क्षण आला आणि असा गेला. तिला ना राग आला, ना अपमान वाटला. धुरीची जागा बदलली असती, तेवढेच. नंतर मात्र ती आत जाऊन निजली आणि जेवायला उठली नाही. “मी काय इतकी परकी होते का हो?” असे तिने मला भिंतीकडे तोंड करून विचारले. मी म्हटले, परकी नव्हतीस म्हणून तर त्यांनी केले. मला स्वतःलाही ते पुरते पटलेले नव्हते.

तुमच्या त्या मौनाला मी हात जोडतो. असा जावई मागूनही मिळत नाही. आणि त्याच मौनावर मी संतापलोही आहे. दोन्ही एकाच वेळी. मनाला एका आसनावर बसवण्याची विद्या मी जन्मभर शिकवली, आज ती मलाच साधत नाही.

कारण तिथे मैत्रेयीही बसली होती.

तिने आईचे बोलणे ऐकले आणि ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या पूजेपाशी येऊन बसली. तिचे मराठी तुम्हांला ठाऊकच आहे, शब्द शोधत चालते. तुमच्यासारखीच ती मान खाली घालून बोलते. म्हणाली, “आजोबा, मी पण नाही सांगितलं.”

मी विचारले, काय नाही सांगितलेस?

“बाबा जिन्यात थांबायचे. छातीला असा हात लावून. मग मी त्यांची बॅग घ्यायचे. गाडीत गोळ्या होत्या, मी पाणी द्यायचे. ते बोलले, अ‍ॅसिडिटी आहे, आईला नको सांगू, ती टेन्शन घेते. आपलं सीक्रेट, खलास.” मग ती म्हणाली, “सो मी नाही सांगितलं.”

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

मुकुंदराव, हृदय बंद पडून तुम्ही गेलात; त्याआधी तुमच्या छातीत दुखत होते हे या घरात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि ते माणूस शाळेत जाते. तुम्ही तिच्यावर ओझे टाकावे म्हणून टाकले नाहीत, हे मी जाणतो. वसुधेला घोर लागू नये, आम्हांला वाईला फोन जाऊ नये, सगळ्यांचे सगळे सुरळीत चालावे, एवढाच तुमचा हेतू. बंबाच्या दांडीवरचा थर तुम्ही जसा एकट्याने घासत राहिलात, तसेच हेही आपले आपण निस्तरू असे तुम्हांला वाटले असेल. पण ही गोष्ट तारेने घासून जाणारी नव्हती. एका शब्दाने वसुधा तुम्हांला हाताला धरून दवाखान्यात नेऊ शकली असती. तो शब्द तुम्ही उच्चारला नाहीत, आणि आता तुमची लेक समजते की तो तिने उच्चारायचा होता.

मी तिला जवळ घेतले. मी सांगितले की बाळ, यात तुझा काही दोष नाही, हे मोठ्यांनी मोठ्यांना सांगायचे असते. तिने मान डोलावली. मोठी माणसे बोलतात तेव्हा मुले डोलावतात तशी. शोकाकुल माणसाचे सांत्वन कसे करावे यावर मी कितीतरी घरांत बसून बोललो आहे. त्यांतला एकही शब्द त्या मुलीच्या उपयोगाचा नव्हता. संध्याकाळी आई कपाळ चेपत बसलेली दिसली, तर ती दुसऱ्या खोलीत निघून गेली. आपला चेहरा पाहून आईने काय होते आहे म्हणून विचारू नये, यासाठी. ते पाहिले आणि मला भीती वाटली. ही मुलगी तुमची रीत उचलते आहे. घरातल्या प्रत्येकाला जपेल, आणि स्वतःचे कोणाला कळू देणार नाही.

तिला हे सर्व आईला सांगायला लावावे, असे एकदा मनात आले. पण सांगणे म्हणजे काय, हे या घरात तिने पाहिलेच कुठे होते?

आज सकाळी सगळी नाश्त्याला बसली होती. माईने उपमा वाढला. मी म्हणालो, “मला काही सांगायचं आहे. सकाळी उठलो की भोवळ येते. काल न्हाणीघरात भिंत धरावी लागली.”

हे खरे आहे, मुकुंदराव. वाईपासूनचे आहे. घरात आधीच एवढे दुःख, त्यात आपली भर कशाला, म्हणून मी बोललो नव्हतो. बोलणारही नव्हतो.

माईचा हात पातेल्यावर थांबला. “आणि हे आत्ता सांगताय?” ती म्हणाली. मला तिचा स्वर फार दिवसांनी सणसणीत वाटला. वसुधेने बशी बाजूला सारून सरळ फोन उचलला, दवाखाना किती वाजता उघडतो ते विचारायला.

मैत्रेयी माझ्याकडे पाहत होती. कोणी मूर्च्छित पडले नव्हते, कोणी रडत नव्हते, घर जागच्या जागी होते. तिने आपली खुर्ची ओढून माझ्या खुर्चीला लावली आणि माझे मनगट दोन्ही हातांनी धरले.

“कधीपासून, आजोबा?”

मी सांगितले. मग तिने विचारले, उठल्यावर की वाकल्यावर? डोकं दुखतं का? छातीत काही होतं का? हात जड होतो का? जिना चढताना थांबावं लागतं का? एकामागून एक प्रश्न, मराठीत अडखळत, शब्द सापडला नाही तर इंग्रजीत, पण न थांबता. इतके प्रश्न तिने माझ्यासाठी जमवलेले नव्हते, हे मला कळत होते. वसुधा फोन कानाशी धरून ऐकत होती, आणि जिन्याचा प्रश्न आला तेव्हा तिने लेकीकडे पाहिले आणि फोन हळूच खाली ठेवला.

ते सारे प्रश्न तुमच्यासाठी होते, मुकुंदराव. मी बसून राहिलो आणि एकेकाचे उत्तर दिले.